पोढीतलं पाणी

बाजूला व्हा, बैलांना वाट द्या. ही नाळ इतकी अरुंद आहे की गोण्या लादलेला बैल आणि माणूस इथे एकमेकांना घासूनच जातात. पहाटे तुम्ही कल्याणच्या एका तांड्यामागोमाग कोकणातून चढायला लागलात. आता ऊन डोक्यावर आलंय आणि गुडघे कुरकुरतायत. पायाखालचा कातळ खुरांनी झिजून गुळगुळीत झालाय. इसवी सनाचं दुसरं शतक लागून फार वर्षं झालेली नाहीत. ज्येष्ठ संपत आलाय. तांड्याचा म्होरक्या सारखा मागे वळून पश्चिमेकडे बघतो. गोण्यांत मीठ आहे, आणि वळवाची एक सर आली तरी फेरा पाण्यात.

तांड्यात दोन भिक्खू आहेत. घाई त्यांनाही आहे. आषाढी पौर्णिमेनंतर त्यांनी भटकायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, असा संघाचा नियम. पावसात चालताना कोवळी पिकं आणि जीवजंतू पायाखाली येतात म्हणून बुद्धाने तो घातला, असं विनयात सांगितलंय. गंगेच्या सपाट मुलखात वर्षावासाला एखादी झोपडी, एखाद्या गावाबाहेरची बाग पुरायची. सह्याद्रीत आषाढ कोसळतो तेव्हा अशी झोपडी किती दिवस उभी राहील? इथे आसरा द्यायला आहे तो कातळ.

माथ्यावर पोचलात की लगेच ती गुहा लागते. आत तिन्ही बाजूंना ओटे आहेत. टेका थोडा वेळ. मागच्या भिंतीवर सातवाहनांचं घराणं कोरलंय: सिमुक, सातकर्णी, राणी नायनिका, राजकुमार. तुमच्या काळात फक्त पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं उरलीत. इथे ती माणसं अजून पुरती उभी आहेत. बाजूच्या भिंतींवर ओळीच ओळी. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमस्कार. मग अश्वमेध, राजसूय असे एकामागून एक यज्ञ आणि त्यांची दक्षिणा. एका ठिकाणी १०,००१ गाई, एका ठिकाणी २४,४०० कार्षापणं, म्हणजे नाणी. राजधानी इथून कितीतरी दूर, पैठणला. तरीही राजघराण्याने आपलं पुण्य कोरलं ते या खिंडीत. बंदरावरून देशावर जाणारा प्रत्येक व्यापारी, हमाल आणि भिक्खू याच फटीतून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लोक पुढे या घाटाला नाणेघाट म्हणू लागले. तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडायची, असं आजही सांगतात.

उठा. जुन्नर अजून तीसेक किलोमीटर आहे, आणि वाटेत मुलूख झपाट्याने बदलतो. घाटमाथ्यावरची दाट झाडी विरळ होते, करवंदीच्या जाळ्या मागे पडतात. माथ्यावर धो-धो कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत निम्म्याहूनही कमी उरतो.

नाईल आणि युफ्रेटिसच्या काठची थोर देवळं धान्याच्या कोठारांवर उभी राहिली, कारण तिथली नदी गाळ आणते आणि गाळ पीक देतो. उरुकमध्ये देवतेचा कारभार सांभाळणारे जवाचे हिशेब ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहीत. दख्खनमध्ये असा गाळ नाही. पाऊस चार महिने, बाकी आठ महिने कोरडे. इथे धर्माकडे धनाची वाट आली ती घाटातून, बैलांच्या पाठीवरून. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त लेणी आहेत. एवढी एका गावाभोवती का, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आत्ताच स्वतःच्या पायांनी चढून आलात.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचं चैत्यगृह बघा. दान कल्याणच्या सुलसदत्ताचं. त्याचा बाप हेरणिक, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार बघणारा. घर बंदराजवळ आणि पुण्य घाटावर. मधली वाट त्याच्या रोजच्या ओळखीची असणार, असं मला वाटतं. याच डोंगरांतल्या दुसऱ्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींची, म्हणजे व्यावसायिक संघांची, नावं येतात. त्यांच्याकडे पैसा ठेवायचा, आणि त्याच्या व्याजातून संघाची सोय व्हायची.

याचा चोख हिशेब नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात कोरलाय. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीत २,००० कार्षापणं कायमची ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. आकडा तंतोतंत जमतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही दगडातच लिहिलंय. मला हा लेख कुठल्याही विजयगाथेहून मोठा वाटतो: कुणीतरी पुढच्या अनोळखी माणसांच्या पांघरुणाची तजवीज करून ठेवतो, आणि कोष्टी ती पिढ्यान् पिढ्या पाळतील यावर त्याचा विश्वास असतो.

तुम्हाला एव्हाना तहान लागलीय. शेजारच्या डोंगरात छिन्नीचे घाव ऐकू येतायत, तिकडे चला. पाथरवट उन्हात उकिडवा बसलाय. समोर कातळात खोदलेली पाण्याची दोन टाकी. इथले लोक त्यांना पोढी म्हणतात. तोंड लहान, पोट आत लांबवर गेलेलं. बेसॉल्ट कठीण, त्यामुळे पावसाचं पाणी धरून ठेवायचं तर ते असंच, दगड फोडून. फाल्गुनात झरे आटतात तेव्हा वरच्या लेण्यातला भिक्खू आणि खालच्या वाटेवरचा बैलवाला, दोघेही याच पाण्यावर जगतात.

पाथरवट पोढीच्या वर दान देणाऱ्याचं नाव कोरतोय. जवळून बघा. ब्राह्मीतला ‘इ’ म्हणजे नुसते तीन ठिपके. एक ठिपका झाला. तो फुंकर मारून भुकटी उडवतो, बोटाने चाचपतो, पुन्हा छिन्नी टेकवतो. दुसरा. तिसरा. मग ‘र’ची उभी रेघ. नाव इरिल, आणि त्याच्याआधी यवन हा शब्द. समुद्रापलीकडून आलेल्या लोकांना इथे यवन म्हणतात. त्याला या डोंगरात दान द्यावंसं वाटलं तेव्हा त्याने दोन पोढ्या दिल्या. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम यानेही पोढीच दिली, सोबत एक मंडप. राजाचा मंत्री असो की परका यवन, या मुलखात पुण्य कशात आहे हे दोघांनाही सारखंच कळलं होतं.

पश्चिमेला गडगडतं. दोघे भिक्खू मघाशी वर गेले, आपापल्या खोलीतला दगडी ओटा त्यांनी झाडून घेतला असेल. तांड्याचा म्होरक्या गोण्या आत ओढतोय. पाथरवट हत्यारं गोळा करून कपारीत सरकतो आणि हाताने तुम्हालाही बोलावतो.

पहिली सर येते. कातळाच्या माथ्यावरून कोरलेल्या पन्हळीतून गढूळ पाणी उतरतं, क्षणभर थबकतं, आणि रिकाम्या पोढीच्या तळाशी पडल्याचा आवाज येतो.