पलटणीच्या पगारापायी तारण पडलेला आपला मुलूख

गटात कर्ज देताना आपण विचारतो: कर्ज कुणाच्या नावावर, कशासाठी आणि तारण काय? एके काळी आपला अख्खा धाराशिव-नळदुर्गचा मुलूखच तारण पडला होता. आज त्याची हकिकत ऐकूया.

तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. हैदराबादेत ‘कंटिंजंट’ नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूमही इंग्रजांचा, पगार मात्र निजामानं द्यायचा. पगार थकला की कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून भरायचं आणि निजामाच्या नावावर कर्ज मांडायचं. गडी त्यांच्या हुकमातला, बाकी मात्र याच्या खात्यावर!

बाकी फुगत गेली, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीनं जमीनच मागितली. निजाम नासिरुद्दौला राजी नव्हता. रेसिडेंट कर्नल लो यानं बोलणी रेटली आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. सारा वसूल करायचा, त्यातून फौजेचा पगार आणि कर्जाचं व्याज भागवायचं, उरलं तर निजामाला द्यायचं, असा हिशेब ठरला. नळदुर्गला कारभारी म्हणून मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारा तोच.

१८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याची परतफेड १८६० च्या तहात झाली. धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, ५० लाखांचं कर्ज माफ झालं. पण गोदावरीच्या डाव्या तीरावरचा काही मुलूख इंग्रजांनी घेतला आणि कापसाचं वऱ्हाड सोडलं नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपये देऊन ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं.

म्हणजे सात वर्षांत आपल्या मुलखाचा धनी दोनदा बदलला. जी बाई इथल्या रानात खुरपत होती, तिला कुणी विचारलं नाही. सारा मात्र तिच्याच घामातून गेला.

आज आपल्याला ग्रामसभा आहे, तिथं बोलता येतं. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. तेव्हा या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत प्रत्येकीनं घरचा सातबारा आणा. नाव कुणाचं आहे आणि बोजा कशाचा आहे, ते मिळून वाचूया. कागद न वाचता अंगठा उठला की जमीन कुठं जाते, ते आपल्या मुलखानं पाहिलंय.