रात्र मोजणारं झाड : काचघरातल्या भांगेची गोष्ट

सोलापूर-सांगलीच्या बाजूला रात्री प्रवास करताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, दूरवर एखादं शेत दिवाळीसारखं उजळलेलं दिसतं. ती ड्रॅगनफ्रूटची बाग असते. दिवस लहान झाले की हे झाड फुलायचं थांबतं, म्हणून शेतकरी रात्री दिवे लावून त्याला फुलायला लावतो. आता शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये चला. तिथंही रात्री दिवे असतात, पण उलट कामासाठी. शेवंतीनं इतक्यात फुलू नये, आधी दांडा उंच व्हावा, म्हणून. दिवा तोच, पण एक झाड त्यानं फुलतं आणि दुसरं अडतं. असं का, हे माणसाला कळलं त्याला अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. आणि ज्या झाडांनी ते पहिल्यांदा दाखवलं, त्यातलं एक होतं भांगेचं. तेच झाड, ज्याला आपण गांजाचं म्हणतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय निघाला तो एका श्रोत्याच्या प्रश्नावरून. कॅनडा-अमेरिकेत बंद खोलीत गांजा वाढवणारे लोक ‘बारा तास उजेड, बारा तास अंधार’ असा नियम पाळतात, तो आला कुठून? उत्तरासाठी आपल्याला १९१० च्या सुमाराच्या पॅरिसमध्ये जावं लागेल.

तिथं ज्युलियन तूर्न्वा नावाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ काम करत होता. त्याचा विषय उजेड नव्हताच. वनस्पतींमध्ये नर आणि मादी कसे ठरतात, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून त्यानं भांग आणि हॉप्स ही झाडं निवडली, कारण दोन्हींत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. हिवाळ्यात त्यानं काचघरात बी पेरलं आणि एक विचित्र गोष्ट दिसली. एरवी माणसाच्या उंचीच्या वर जाणारी ही झाडं वीतभर असतानाच फुलायला लागली. काचघरात ऊब होती, पाणी होतं, माती तीच होती. बदललं होतं काय? पॅरिसमध्ये उन्हाळ्यात दिवस सोळा तासांचा असतो, हिवाळ्यात जेमतेम आठ-सव्वाआठ तासांचा. तूर्न्वानं मग मुद्दाम रोज मोजकेच तास उजेड देऊन पाहिलं. पुन्हा तेच झालं.

१९१२ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. १९१४ मध्ये तो आणखी एक पाऊल पुढे गेला. त्यानं म्हटलं की लवकर फूल येण्याचं कारण दिवस लहान होणं हे तितकंसं नाही, रात्र मोठी होणं हे आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. तूर्न्वा सैन्यात गेला आणि लढाईत मारला गेला. काम तिथंच थांबलं.

पुढचा अंक अमेरिकेतला. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन इथं कृषी खात्याचं प्रयोगक्षेत्र होतं, जिथं पुढे पेंटॅगॉनची इमारत उभी राहिली. तिथले गार्नर आणि अ‍ॅलर्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका जातीनं बेजार झाले होते. ‘मेरीलँड मॅमथ’ ही ती जात. शेतात ती नुसती वाढत राहायची, थंडी पडेपर्यंत फूल नाही, म्हणून बी नाही. काचघरात मात्र हिवाळ्यात फुलायची. सोयाबीनची दुसरी तऱ्हा. बिलॉक्सी नावाचा वाण आठवड्या-आठवड्यांच्या अंतरानं पेरला, तरी सगळी झाडं जवळपास एकाच वेळी, सप्टेंबरात फुलायची. तापमान, ओल, खत, सगळं तपासून झालं. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक अंधारी खोपटी बांधली. दुपारी चार वाजता कुंड्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर. भर उन्हाळ्यात झाडं फुलली! १९२० मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि झाडाच्या या स्वभावाला ‘फोटोपिरिअ‍ॅडिझम’ हे नाव मिळालं. श्रेयही त्यांनाच मिळालं. त्यांची मेहनत मोठी होती, शंकाच नाही. पण लहान दिवसांची झाडं, मोठ्या दिवसांची झाडं, अशी नावं रूढ झाली आणि सगळ्यांचं लक्ष दिवसावर खिळलं. तूर्न्वाची रात्र मागे पडली.

ती परत आली १९३८ मध्ये. शिकागोमध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या रानटी झाडावर प्रयोग केला. दिवसाच्या मधेच थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला फरक पडला नाही. पण लांब रात्रीच्या मधे काही मिनिटं दिवा लावला, तर फूलच आलं नाही. म्हणजे झाड सलग अंधार मोजतं. ‘लहान दिवसांचं झाड’ हे नावच मुळात उलटं होतं. त्याला हवी असते मोठी आणि अखंड रात्र.

हे मोजतं कोण? मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथं बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटानं पाहिलं की रात्र मोडण्यात लाल उजेड सगळ्यांत प्रभावी ठरतो, आणि लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा उजेड तो परिणाम पुसून टाकतो. पानातल्या या रंगद्रव्याला पुढे ‘फायटोक्रोम’ असं नाव मिळालं. याच बोर्थविकनी स्कलीबरोबर १९५४ मध्ये भांगेवरचाही अभ्यास प्रसिद्ध केला. चाळीस वर्षांनी विषय पुन्हा तूर्न्वाच्या झाडाशी आला.

आता तो बारा तासांचा नियम. अमेरिकेत पोलिसांचा ससेमिरा वाढला तशी गांजाची लागवड शेतातून खोलीत गेली. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांसारखे दिवे टांगले गेले. अठरा तास उजेड ठेवला की झाड वाढतं, बारावर आणलं की फुलतं. बारा हा काही निसर्गाचा जादूचा आकडा नाही. बहुतेक वाणांना तेवढी रात्र पुरते, एवढंच. फटीतून थोडा उजेड आला तरी ते लोक का घाबरतात, हेही आता कळेल. या दिव्यांची किंमतही लहान नाही. २०१२ मधल्या एका अभ्यासानं अंदाज केला होता की अमेरिकेच्या एकूण विजेतली सुमारे एक टक्का वीज या बंद खोल्यांत जाते.

आणि आपल्याकडे? ब्रिटिश सरकारनं १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाच्या काळात मुंबई इलाख्यातली गांजाची लागवड मुख्यतः नगर जिल्ह्यात होती. पावसाळ्यात पेरायचं, नर झाडं ओळखून उपटायची, थंडीत माल काढायचा. नगरला सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सगळ्यांत लहान अकराचा. पावसाळा सरता सरता रात्र आपसूक मोठी होत जाते, दिव्याची गरजच नाही. त्या शेतकऱ्यांना वेळ ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हतं. आज १९८५ च्या कायद्यानं सरकारी परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, हे इथं स्पष्ट सांगायला हवं.

पण विद्या तीच आहे. शेवंतीवाला मध्यरात्री दिवे लावतो तेव्हा तो हॅमनर-बॉनरचाच प्रयोग करत असतो. विदर्भातलं सोयाबीन उशिरा पेरलं की खुजं राहून फुलतं, त्यामागेही हेच मोठं कारण. पाठ्यपुस्तकांत गार्नर-अ‍ॅलर्ड असतात. ज्यानं सगळ्यांआधी रात्रीकडे बोट दाखवलं, त्याचं नाव क्वचित सापडतं. ते आज इथं तुमच्या कानावर घालावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. आता प्रश्न घेऊ या.