स्पॅनिश नागरिकत्व, वंशपरंपरागत

स्पेनबाहेर जन्मलेल्या आणि बहुधा तेथेच राहणाऱ्या इसमाने आईबापांच्या अथवा आजीआजोबांच्या स्पॅनिश नागरिकत्वाच्या आधारे त्या देशाच्या नागरिकत्वावर सांगितलेला हक्क. १८८९ ची स्पॅनिश दिवाणी संहिता व तिच्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या हा या हक्काचा मूळ पाया होय. यादवी युद्ध व त्यानंतरची हुकूमशाही यांच्या स्मृतीशी निगडित अशा २००७ व २०२२ या वर्षांच्या दोन स्मृतिविषयक कायद्यांनी त्याला मुदतबंद पुस्ती जोडली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गॅलिसिया, अस्तुरियास व कॅनरी बेटे येथील दारिद्र्याने गांजलेली कुटुंबे अर्जेंटिना, उरुग्वे, क्यूबा इत्यादी देशांत जाऊन स्थायिक होत गेली. क्यूबाचे पुढारी फिदेल कास्त्रो यांचे वडीलही गॅलिसियातील लुगो प्रांतातूनच तेथे गेलेले. १९३६ ते १९३९ च्या स्पेनमधील यादवी युद्धाने या प्रवाहात निर्वासितांची भर घातली. १९३९ च्या जूनमध्ये ‘सिनाया’ जहाज मेक्सिकोतील व्हेराक्रूझ बंदरास लागले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, कवी पाब्लो नेरूदा यांच्या खटपटीने निघालेले ‘विनिपेग’ दोन हजारांवर निर्वासितांना घेऊन चिलीतील वाल्पाराइसो येथे पोहोचले. आज वकिलातींच्या दारी उभे राहणारे अर्जदार प्रामुख्याने या दोन प्रकारच्या स्थलांतरितांची मुले-नातवंडे होत.

संहितेच्या १७ व्या कलमानुसार स्पॅनिश पित्याचे वा मातेचे अपत्य, जन्म कोठेही होवो, जन्मतः स्पॅनिश ठरते. हा नियम दिसतो तितका सरळ नाही. आजोबा स्पेनमध्ये जन्मले एवढे सिद्ध करून भागत नाही. पुढच्या पिढीतील अपत्याच्या जन्मदिवशी ते कायद्याने स्पॅनिश होते की नव्हते, हा खरा प्रश्न असतो. ब्युनोस आयर्सला गेलेल्या ज्या गृहस्थाने मुलगा होण्यापूर्वी अर्जेंटिनाचे नागरिकत्व पत्करले, त्याची साखळी सामान्यतः तेथेच तुटते. त्याच्याच ज्या भावाने आळसाने म्हणा वा गावाच्या ओढीने म्हणा तो कागद कधीच केला नाही, त्याच्या वंशजांचा मार्ग मोकळा राहतो. रक्त एकच असूनही निकाल भिन्न लागतात. म्हणूनच पूर्वजाने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले नव्हते, असा नकारात्मक दाखला या व्यवहारात जन्मदाखल्याइतकाच मोलाचा ठरतो. अर्जेंटिनात तो तेथील राष्ट्रीय निवडणूक न्यायालयाकडून मिळतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर कायद्याने दीर्घकाळ उघड अन्याय केला. मूळ संहितेप्रमाणे विवाहित स्त्रीने नवऱ्याच्या नागरिकत्वाचे अनुगमन करावयाचे असल्यामुळे परदेशी पुरुषाशी विवाह करणारी स्पॅनिश स्त्री स्वेच्छेने काही न त्यागताच परकी होई, आणि तिची मुले आईकडून मिळू शकणाऱ्या नागरिकत्वास मुकत. विवाहामुळे आपोआप होणारा हा नागरिकत्वलोप १९७५ च्या कायद्याने थांबला, आणि आईकडून व बापाकडून येणारा वारसा १९८२ च्या दुरुस्तीने समान पायरीवर आला. परंतु ज्या मुली १९३० वा १९५० च्या सुमारास विवाह करून बसल्या होत्या, त्यांच्या संततीला या सुधारणांचा लाभ मागील तारखेपासून मिळाला नाही.

ही जुनी बाकी चुकती करण्याचा प्रयत्न स्मृतिविषयक कायद्यांनी केला. २००७ च्या कायद्याने मूळच्या स्पॅनिश आईबापांची मुले, तसेच निर्वासनामुळे नागरिकत्व गमावलेल्यांची नातवंडे, यांना डिसेंबर २००८ ते डिसेंबर २०११ या अवधीत दावा करू दिला. चार लाखांहून अधिक अर्ज आले व त्यांत क्यूबा आणि अर्जेंटिना येथील अर्जांचा भरणा मोठा होता. ‘नातवंडांचा कायदा’ म्हणून ओळखला जाणारा २०२२ चा कायदा २१ ऑक्टोबर २०२२ रोजी अमलात आला. परक्याशी विवाह केल्यामुळे १९७८ च्या संविधानापूर्वी नागरिकत्व गमावलेल्या स्त्रियांची मुले त्यात स्पष्टपणे समाविष्ट झाली. शासनाच्या निर्देशाने तर निर्वासन सिद्ध न करताही मूळ स्पॅनिश माणसाच्या नातवंडांना वाट दिली. हे औदार्य कायद्याच्या शब्दांपेक्षा त्यांच्या अन्वयातून आले, असे म्हणावे लागते. दोन वर्षांची मूळ मुदत एका वर्षाने वाढवली गेली व ती २१ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. या वाटेने मिळणारे नागरिकत्व ‘मूळचे’ गणले जाते आणि मूळच्या स्पॅनिश नागरिकाचे नागरिकत्व हिरावून घेता येत नाही, असे संविधानाचे ११ वे कलम सांगते.

प्रत्यक्ष कामाचा भार मात्र दप्तरावर पडतो. स्पेनमधील दिवाणी जन्मनोंदणी १८७१ पासूनची. त्यापूर्वीच्या माणसासाठी गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही उघडावी लागते. संपूर्ण मजकुराची नक्कल मागवली की तिच्या समासातील शेरेही येतात आणि विवाहाचा एखादा दोन ओळींचा शेरा साऱ्या कैफियतीची दिशा बदलतो. परदेशी दाखल्यांवर १९६१ च्या हेग कराराप्रमाणे अपोस्टिल, म्हणजे दाखल्याच्या अस्सलतेचे प्रमाणपत्र, लागते. आडनावांचा घोळ नित्याचाच : बंदरावरच्या कारकुनाने ‘व्हास्केझ’चे लेखन बदलून ठेवले असेल, तर नातवाला तीन पिढ्यांचे दाखले दुरुस्त करून घ्यावे लागतात, आणि जन्मभर एकाच आडनावाने वावरलेल्या अर्जेंटिनी माणसाची स्पॅनिश दप्तरात पित्याचे व मातेचे अशा दोन आडनावांनी नोंद होते.

मराठी वाचकास याचे जवळचे सादृश्य गोव्यात सापडेल. पोर्तुगीज राजवटीत तेथे जन्मलेल्यांच्या संततीने लिस्बनच्या दप्तरात पूर्वजांचा जन्म नोंदवून पोर्तुगीज पारपत्र घेण्याची प्रथा सुपरिचित आहे. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या अधिनियमाने संपुष्टात येते. स्पेन मात्र लॅटिन अमेरिकेतील अर्जदाराकडून त्याच्या पूर्वीच्या नागरिकत्वाचा त्याग मागत नाही.

विशेष मुदत संपली तरी सर्व दारे बंद झालेली नाहीत. ज्याची आई वा बाप मूळचा स्पॅनिश असून स्पेनमध्येच जन्मलेला आहे, त्याला दिवाणी संहितेच्या २० व्या कलमाखाली कोणत्याही वयात दावा करता येतो. आजी वा आजोबा मूळचे स्पॅनिश असतील तर सर्वसाधारण नियमाच्या दहा वर्षांऐवजी स्पेनमधील एका वर्षाचे कायदेशीर वास्तव्य पुरते. उलटपक्षी, परदेशात जन्मलेल्या स्पॅनिश आईबापांच्या, परदेशातच जन्मून राहणाऱ्या आणि तेथील नागरिकत्व धारण करणाऱ्या अपत्याने सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत नागरिकत्व राखण्याची इच्छा नोंदवली नाही, तर २४ व्या कलमान्वये ते लोप पावते.