देवडी, पत्ता आणि परवानगी

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज फायरवॉलवर बोलतोय, याची काहींना गंमत वाटेल. पण नाव आणि वस्तू यांचं नातं काय, हा प्रश्न आमचाच आहे.

इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत, हे लवकरच दिसू लागलं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी 'नॅट'ची रीत मांडली : आत खासगी पत्ते वापरा, दारावर ते बदला. त्यांच्या लेखी हा तात्पुरता उपाय होता! त्याच सुमारास अमेरिकेत जॉन मेयस आणि ब्रँटली कॉइल यांनी 'पिक्स' हे यंत्र घडवलं. कल्पना ऑफिसातल्या खासगी टेलिफोन एक्स्चेंजवरून घेतलेली. १९९५ मध्ये ती कंपनी सिस्कोने घेतली. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट लोकांना खुलं केलं.

आता आपल्या महालातला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आतली माणसं वाड्याच्या एकाच पत्त्यावरून पत्रं लिहितात. उत्तर आलं की देवडीवरचा माणूस ज्याचं त्याला देतो. पण बाहेरून नवखा आला तर त्याने कुणाला हाक मारायची? त्यासाठी स्टॅटिक नॅट. बाहेरचा एक पत्ता आतल्या एकाच यंत्राशी, समजा १९२.१६८.१.१० शी, कायमचा बांधायचा. जाता-येता तीच जोडी.

मात्र पत्ता सापडला म्हणजे आत यायची परवानगी मिळाली, असं नाही. तिचा नियम वेगळा लिहावा लागतो. त्या नियमात पत्ता कोणता लिहायचा? पिक्सची वारसदार एएसए. तिच्यात पूर्वी बाहेरचा लिहीत. २०१० च्या ८.३ आवृत्तीपासून आतला, खरा पत्ता लिहावा लागतो.

आमच्या माहितीतल्या एका ग्रंथालयात जुन्या टिपणावरून बाहेरचाच पत्ता लिहिला गेला. पान उघडेना. वैतागून त्यांनी सगळ्यांना सगळंच मोकळं केलं. पान उघडलं, सोबत दुरून यंत्र चालवायचं दारही उघडलं. काही आठवड्यांतच कुणीतरी आत शिरून पुस्तकांची सगळी सूची कुलूपबंद केली. बॅकअप नव्हता.

दोष यंत्राचा नव्हता हो. नाव देणं आणि दार उघडणं ही दोन कामं आहेत. आपण ती एकच समजलो. घरी जाऊन आपापले नियम एकदा वाचा. विचारा, आता प्रश्न विचारा.