जपानी-कोरियन कॉमिक्स : मुलांच्या हाती देण्याआधी काय पाहावं?



मंडळाच्या कार्यक्रमांत मध्यंतराला चहा-वड्यांच्या टेबलाशी हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "तुमच्याकडे पण ती उलटीकडून उघडायची पुस्तकं आलीत का हो?" आली आहेत! कुरुममध्ये आमच्या ओळखीच्या ज्या मराठी घरांत बारा ते सतरा वर्षांचं मूल आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या कपाटात फास्टर फेणेच्या शेजारी (खरं तर त्याच्या पुढ्यात) ही पुस्तकं उभी आहेत. आम्ही स्वतः चांदोबा, ठकठक, चाचा चौधरी आणि अमर चित्रकथा वाचून वाढलो. त्यामुळे चित्रं दिसली की पुस्तक लहान मुलांचं, असा आमचा साधा हिशोब होता. तो चुकीचा निघाला.

झालं असं की आम्ही चार घरांनी मिळून पुस्तकांची एक पेटी फिरती ठेवली आहे. एक आड एक शुक्रवारी कुरुमच्या बागेत मुलं पुस्तकं बदलून घेतात. गेल्या वर्षी त्या पेटीतून केवळ मोठ्यांसाठी असलेला एक खंड सातवीतल्या मुलाच्या हाती गेला. भारतातून आलेल्या त्याच्या आजींनी तो सहज चाळला आणि पुढे काय झालं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. दोन घरांत आठवडाभर बोलणं बंद, पेटी दोन महिने बंद. एका बाजूचं म्हणणं, सगळंच थांबवा. दुसऱ्या बाजूचं, मुलांवर विश्वास ठेवा. दोन्ही बाजूंनी त्यातलं एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं, आम्हीही नाही! मुलाचं वाचन काही थांबलं नाही. ते फोनवर गेलं, खोलीचं दार लावून. आम्हाला जास्त लागलं ते हे. मग आम्ही मोठ्यांनी बसून वाचायला सुरुवात केली. त्यातून जी टिपणं जमली, ती इतर घरांनाही उपयोगी पडतील म्हणून इथे देत आहोत.

आधी थोडी ओळख

जपानी कॉमिक्सना मांगा म्हणतात, कोरियन कॉमिक्सना मान्हवा. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा, पानावरच्या चौकटीसुद्धा त्याच क्रमाने. कोरियन पुस्तकं आपल्यासारखीच डावीकडून. सुरुवातीच्या इंग्रजी आवृत्त्यांत मांगाची पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापत, त्यामुळे सगळी पात्रं डावखुरी व्हायची. २००२ पासून टोकियोपॉप या अमेरिकन प्रकाशनाने मूळ दिशाच ठेवायचं धोरण घेतलं आणि आता तीच रीत आहे. (अरबी वाचणाऱ्या आमच्या ओमानी सहकाऱ्यांना यात काहीच नवल वाटत नाही. त्यांचं बालपण तर 'ग्रेंडायझर' आणि 'कॅप्टन माजिद' बघण्यात गेलं. हा माजिद म्हणजे योइची ताकाहाशी यांच्या १९८१ साली सुरू झालेल्या मांगामधला त्सुबासा.)

शोनेन म्हणजे 'मुलांना चालेल' असं नव्हे

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (तरुण पुरुष), जोसेइ (तरुण स्त्रिया) हे शब्द, कथा जपानमध्ये कुठल्या वाचकांच्या मासिकात किंवा साप्ताहिकात छापून आली, तेवढंच सांगतात. आत काय आहे ते सांगत नाहीत. 'डेथ नोट' २००३ ते २००६ या काळात 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात आली. इंग्रजीत मात्र व्हिझ मीडियाने तिला सोळा वर्षांपुढची खूण दिली. वहीत नाव लिहून माणसं मारणारा हुशार विद्यार्थी हाच नायक, तेव्हा ते बरोबरच आहे. याच्या अगदी उलट 'योत्सुबा'. कियोहिको अझुमा यांची ही मालिका २००३ पासून मासिकात येते आहे, आणि आत आहे पाच वर्षांची एक खट्याळ मुलगी, तिचा बाबा, शेजारच्या ताया आणि आइस्क्रीम. आजींना वाचून दाखवा, बिनधास्त.

वयाची खूण पुस्तकाच्या मागच्या बाजूला असते. व्हिझमध्ये 'टी' म्हणजे तेरापुढे, 'टी प्लस' म्हणजे सोळापुढे, 'एम' म्हणजे अठरापुढे. कोदान्शा आणि येन प्रेस सोळापुढच्यांना 'ओटी' लिहितात. खूण पाहावीच, पण तिच्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ती प्रकाशक स्वतःच ठरवतो, आपल्याकडच्या सिनेमासारखं त्यामागे कुठलं मंडळ नसतं. आणि ती अमेरिकन घर डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली असते. आमच्या अनुभवात तिथे उघड्या अंगाचा धसका जास्त, रक्ताचा कमी. आमच्या घरांत काहींना उलट वाटतं. जपानमध्ये घरच्यांनी एकत्र आंघोळ करणं किंवा सार्वजनिक न्हाणीघरात जाणं ही साधी गोष्ट आहे, त्यामुळे तसं चित्र दिसलं म्हणून पुस्तक फेकू नये. कथेला काहीही गरज नसताना शाळकरी मुलीचा स्कर्ट उडालेला दाखवतात, ज्याला 'फॅन सर्व्हिस' म्हणतात, ते वेगळं. हा फरक खुणेवरून कळत नाही, चाळल्यावर दहा मिनिटांत कळतो. आमच्या पेटीत दुसऱ्या प्रकाराला जागा नाही, खूण 'टी' असली तरी.

पहिल्या खंडावर जाऊ नका

या मालिका लांबच लांब असतात. 'नारुतो' १९९९ ते २०१४, बहात्तर खंड. 'वन पीस' १९९७ पासून चालूच आहे आणि शंभराच्या पुढे गेली आहे. वाचक मोठा होतो तशी कथाही मोठी होत जाते, कधी कधी बरीच काळवंडतेसुद्धा. दुकानात पहिला खंड पाहून आपण संपूर्ण मालिकेला होकार देतो, तिथे फसगत होते. आमच्या पेटीत जो वादग्रस्त खंड आला, त्या मालिकेचा पहिला भाग आमच्यातल्याच एकाने चाळून "ठीक आहे" म्हटलं होतं!

यावर आम्ही आता एक पद्धत ठेवली आहे : पहिला, मधला एक आणि शेवटचा मिळेल तो, असे तीन खंड मोठ्यांनी वाचायचे. विकत घ्यावे लागत नाहीत. शुएइशा या जपानी प्रकाशकाचं 'मांगा प्लस' २०१९ पासून जपान, चीन, दक्षिण कोरिया वगळता जगभर चालतं, त्यामुळे मस्कतमध्येही. त्यावर चालू मालिकांची पहिली तीन आणि सगळ्यात ताजी तीन प्रकरणं फुकट वाचता येतात. तपासायला याहून सोयीचं काय हवं?

दोन उदाहरणं, दोन्ही थोडी अडचणीची

ओसामू तेझुका यांचा 'बुद्ध' (१९७२ ते १९८३) आपल्याकडे हमखास भेट म्हणून येतो. इंग्रजीत आठ खंड, भारतात हार्परकॉलिन्सने काढलेले. नाव बुद्धाचं, मग काय बघायचं, असं म्हणून आम्हीही तो दहा वर्षांच्या मुलीला देणार होतो. प्रत्यक्षात पहिल्या खंडात सिद्धार्थ जवळजवळ नाहीच. तो जन्मेपर्यंत खंड संपत येतो. तोवर आहेत तत्ता नावाचा उघडानागडा चोर पोरगा, गुलाम चप्रा, त्याची आई, लढाया, दुष्काळ आणि जातीची उतरंड. तत्ता आणि चप्रा ही पात्रं तेझुकांनी स्वतः रचलेली आहेत. स्त्रियाही बऱ्याचदा अर्धवस्त्रांत, आपल्या जुन्या शिल्पांसारख्या. चरित्र म्हणून वाचाल तर गोंधळ होईल. कथा म्हणून मात्र फार मोठं काम आहे, आणि शूद्र म्हणून जन्मलेल्या मुलाला काय सोसावं लागतं यावर आमच्या घरी जेवढं बोलणं त्या पुस्तकाने घडवलं, तेवढं शाळेच्या इतिहासाने घडवलं नाही. आम्ही तेरा-चौदापुढे ठेवतो, आणि पहिला खंड सोबत बसून.

दुसरं 'बेअरफूट गेन'. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला; त्या अनुभवावरची ही मालिका १९७३ मध्ये सुरू झाली, तीही 'शोनेन जंप'मध्ये. वितळणारी कातडी, जळत्या घराखाली अडकलेले वडील आणि भावंडं, सगळं दाखवलं आहे. खुद्द जपानात यावरून वाद झाले. २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना हे पुस्तक मुलांच्या हाती सहज लागणार नाही असं ठेवायला सांगितलं, २०१३ मध्ये ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. २०२३ मध्ये हिरोशिमा शहराने आपल्या शांतता-शिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून ते वगळलं. म्हणजे हा पेच आपल्या एकट्या घरचा नाही. आम्ही काय केलं? एका घराने नको म्हटलं, तीन घरांनी हो. सोळाच्या आतल्यांना पेटीतून मिळत नाही, आई-बाबांकडून मागून घ्यायचं. (तोमोको किकुची यांनी त्याचं हिंदी भाषांतरही केलं आहे, आजी-आजोबांसाठी सोयीचं.)

भाषांतर : इथे मराठी घराचा फायदा आहे

हा भाग आम्हाला सगळ्यात रंजक वाटला. कोरियन मुलगा मोठ्या भावाला किंवा भावासारख्या मित्राला 'ह्यंग' म्हणतो, मुलगी 'ओप्पा'. मोठ्या बहिणीला मुलगा 'नूना', मुलगी 'ओन्नी'. जपानीत नावापुढे सान, कुन, चान, वरच्या वर्गातल्याला सेन्पाई. बरीच इंग्रजी भाषांतरं हे सगळं पुसून नुसतं नाव ठेवतात. मग एखाद्या प्रसंगात नायिका 'सान' सोडून पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारते तेव्हा नक्की काय घडलं ते इंग्रजी वाचकाला कळतच नाही. आपल्याला लगेच कळेल. 'अहो'चं 'अरे' झालं की घरात काय होतं ते कुणा मराठी माणसाला सांगायला हवं?

आवाजाच्या शब्दांचंही तसंच. जपानीत शांततेलाही आवाज आहे, 'शीन'. इंग्रजीत त्या जागी 'सायलेन्स' लिहून मोकळे होतात. आमच्या मुलीने पेन्सिलीने बाजूला 'चिडीचूप' लिहिलं! तेव्हापासून पेटीतल्या पुस्तकांत मराठी शब्द लिहायला परवानगी आहे, पेन्सिलीने.

तेव्हा आवृत्ती निवडताना भाषांतरकाराचं नाव छापलंय का, मागे टिपा आहेत का, जेवणाचे पदार्थ तसेच ठेवलेत का, हे बघावं. पोकेमॉनच्या इंग्रजी मालिकेत भाताच्या गोळ्यांना डोनट म्हटलं होतं, ते आठवतं ना? चाहत्यांनी परस्पर केलेली फुकट भाषांतरं नेटवर ढिगाने आहेत. मूळ लेखकाला त्यातून काही मिळत नाही हे तर आहेच, शिवाय त्यांवर बऱ्याचदा वयाची खूण नसते आणि बाजूच्या जाहिराती कॉमिकपेक्षा कितीतरी वाईट असतात. आम्ही दिवसभर संगणकावरच बसणारी माणसं, एवढं खात्रीने सांगू शकतो.

कोरियन वेबटून

हे फोनवर वरून खाली सरकवत वाचायचं. कोरियात नेव्हर कंपनीने २००४ मध्ये वेबटून सुरू केलं, इंग्रजीत ते २०१४ पासून आहे. वयाची खूण इथेही असते, पण हातात पुस्तक नसल्याने आई-बाबांच्या नजरेला पडत नाही. पुढची प्रकरणं लवकर हवी असतील तर नाणी विकत घ्यावी लागतात, तेव्हा फोनला कार्ड जोडलेलं नको. 'सोलो लेव्हलिंग'सारखी गाजलेली मालिका येन प्रेसने २०२१ पासून छापील काढली आहे. शक्य तिथे छापीलच घ्यावी. 'ट्रू ब्यूटी' (२०१८ ते २०२३) मेकअपमुळे जिचं आयुष्य बदलतं अशा मुलीची गोष्ट आहे. बंदी घालण्यासारखं त्यात काही नाही, पण चौदा वर्षांच्या मुलीशी दिसण्याबद्दल बोलायची ही आयती संधी समजा. जुन्या धाटणीत किम दोंग ह्वा यांची 'द कलर ऑफ अर्थ' ही तीन पुस्तकांची माला (इंग्रजीत २००९) फार हळुवार आहे, आई आणि वयात येणाऱ्या मुलीची. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या २०११ च्या सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांत ती दुसरी होती. आमच्यातल्या आयांनी ती आधी स्वतः वाचली. निर्णय अजून व्हायचा आहे.

कुठून घ्यावीत

दुबई मॉलमधल्या किनोकुनियात मांगाचा विभाग प्रचंड आहे, सुट्टीत गेलात तर मुलांना तिथून बाहेर काढायला वेळ ठेवा. मस्कतच्या आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळ्यातही बघावं. भारतातून आणणं स्वस्त पडतं, मात्र एक सूचना : अश्लील मजकुराबाबत ओमानचे नियम भारतापेक्षा कडक आहेत. अठरापुढची खूण असलेलं पुस्तक सामानात टाकू नका, स्वतःसाठी असलं तरी.

पेटी आता पुन्हा सुरू आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या कव्हरला एक चिठ्ठी असते : कुठल्या घरातल्या मोठ्या माणसाने वाचलं, कितवा खंड, आणि एका ओळीत काय सापडलं. 'अ सायलेंट व्हॉइस' (योशितोकी ओइमा, सात खंड) च्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, "कर्णबधिर मुलीचा वर्गात छळ, आत्महत्येचा प्रसंग आहे, वाचून झालं की आधी आमच्याशी बोल." आजी या हिवाळ्यात पुन्हा आल्या आहेत. 'योत्सुबा'च्या तिसऱ्या खंडाच्या चिठ्ठीवर आता त्यांची सही आहे, आणि चौथा कुणाकडे आहे याची चौकशी चालू आहे. ज्याच्याकडे असेल त्याने कृपया येत्या शुक्रवारी घेऊन यावा.