इच्छामरण आणि दयामरण

इच्छामरण म्हटले की आपल्याला शरपंजरी पडलेले भीष्म आठवतात. मरणाची वेळ त्यांनी स्वतः ठरवली. दयामरण हा शब्द वेगळा. त्यात दया दुसऱ्याची असते आणि पुष्कळदा निर्णयही दुसऱ्याचाच. आपण हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांतला फरक किती मोलाचा आहे, हे कॅनडाच्या अलीकडच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१९९३ साली तिथे दोन घटना घडल्या. स्यू रॉड्रिग्ज या बाईंना स्नायू निकामी करत नेणारा असाध्य आजार होता. त्यांनी न्यायालयाला विचारले, धडधाकट माणसाने स्वतःचे आयुष्य संपवले तर तो गुन्हा नाही. मला मात्र दुसऱ्याची मदत लागणार आणि मदत करणारा गुन्हेगार ठरणार. हा अपंगत्वामुळे होणारा भेदभाव नव्हे काय? सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची मागणी फेटाळली.

पुढच्याच महिन्यात रॉबर्ट लॅटिमर या शेतकऱ्याने आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ट्रेसीला, मारले. तिला तीव्र सेरेब्रल पाल्सी होती. तिच्या वेदना बघवत नव्हत्या, असे बापाचे म्हणणे. अनेकांची सहानुभूती त्याच्याकडे गेली आणि अपंगांच्या संघटना हादरल्या. ट्रेसीला कोणी विचारले होते? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली.

पहिली गोष्ट इच्छेची, दुसरी दयेची. पुढचा सारा वाद या दोहोंमधला आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आपली जुनी भूमिका बदलली आणि जून २०१६ मध्ये कायदा आला. त्यात एक अट होती. मरण नजीकच्या काळात अपेक्षित असले पाहिजे. अपंगांच्या अनेक संघटनांना ही अट म्हणजे संरक्षक भिंत वाटत होती.

ती भिंत पाडायला न्यायालयात गेले ते दोन अपंगच! निकोल ग्लादू यांना पोलिओनंतरचे विकार होते. जाँ ट्रुशाँ यांना ट्रेसीसारखीच सेरेब्रल पाल्सी होती आणि चालणारा एकुलता एक हातही २०१२ मध्ये गेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २०२१ मध्ये संसदेने ती अट सर्वांसाठीच काढली. मरण जवळ नसेल तर तपासणीला किमान ९० दिवस द्यावेत, असे ठरले. २०२३ साली अशा १५ हजारांहून अधिक मृत्यूंपैकी सहाशेच्या वर या दुसऱ्या मार्गाने झाले.

संघटनांचा आक्षेप साधा आहे. इतर कोणी ‘मला जगायचे नाही’ म्हणाला की आपण त्याला धीर देतो. अपंगाने म्हटले की कायदा दार उघडतो! २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही हा दुसरा मार्ग बंद करण्याची शिफारस केली.

आपल्याकडे अरुणा शानबाग प्रकरणातील २०११ च्या निकालापासून काही अटींवर परवानगी आहे ती उपचार थांबवण्याची, औषध देऊन मरण आणण्याची नव्हे. म्हणून हा प्रश्न आपल्याला लांबचा वाटतो.

ट्रुशाँ यांची इच्छा खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ज्याला राहायला धड घर नाही, उठवून बसवायला माणूस नाही, त्याच्या इच्छेला ‘स्वतःची इच्छा’ म्हणताना जीभ अडखळते. भीष्मांना निदान पाणी पाजायला अर्जुन होता. आधी ते पाणी, मग इच्छेची चौकशी. तुम्हाला काय वाटते?