‘बांगड्या भरल्यात का?’ : एका शिवीचा इतिहास



परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. एकाच्या हातून सोपा झेल सुटला. लगेच ओरडा झाला, "ए बायल्या! बांगड्या भरल्यात का हातात?" दुसरा म्हणाला, "सोड रे, छक्का आहे तो." ज्याला म्हटलं, तो पोरगा हसला आणि खाली मान घालून परत जागेवर जाऊन उभा राहिला. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. माझ्या हातांत बांगड्या होत्याच. मनात आलं, झेल सुटला त्याचा, मग ह्यात माझ्या बांगड्या कशाला आणल्या?

आज ह्याच शब्दांबद्दल बोलायचं आहे. बायल्या, छक्का, हिजडा, होमो आणि हल्ली शाळकरी पोरांच्याही तोंडी असलेलं ‘गे’. आपण म्हणतो, मस्करी आहे, एवढं काय मनावर घ्यायचं! पण ह्या मस्करीला इतिहास आहे, आणि त्यात पोलीस आहेत, कोर्ट आहे, तुरुंगसुद्धा आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. समलिंगी म्हणजे ज्या पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा ज्या बाईला बाईबद्दल ओढ वाटते ती व्यक्ती. तृतीयपंथी, हिजडा ही वेगळी ओळख आहे. आणि एखादा मुलगा नाजूक बोलतो, त्याला रांगोळी काढायला आवडते, एवढ्यावरून तो ह्यातला कुणीच ठरत नाही. शिवी मात्र ह्या सगळ्यांची एकच मोट बांधते. ही मोट एकदा सरकारनंही बांधली होती.

मराठेशाहीत हिजड्यांची टवाळी होत नव्हती असं नाही. पण समाजात त्यांना एक जागा होती. काहींना ठरलेल्या गावांत भिक्षा मागायचा हक्क होता, काहींकडे इनाम जमिनी होत्या. इंग्रजी अंमल आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मुंबई सरकारनं हे हक्क पुढे चालू ठेवायला नकार दिला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर पोट चाललं, ते गेलं.

पुढे 1860 साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगानं तयार केला होता. तिच्यात कलम 377 होतं. ‘निसर्गाच्या विरुद्ध’ असलेल्या शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दोघंही सज्ञान असोत, दोघांच्याही मर्जीनं असो, त्याचा काही संबंध नाही.

1871 साली आणखी एक कायदा आला, गुन्हेगार जमातींचा. आपल्याकडे अनेक भटक्या समाजांच्या कपाळी ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का मारला, तोच हा कायदा. त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे मात्र फार जणींना ठाऊक नसतं. सुरुवातीला तो उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. मुलं पळवण्याचा किंवा कलम 377 चा नुसता संशय असला, तरी नाव नोंदवहीत जाई. आणि नाव नोंदलेली व्यक्ती बाईसारखे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यात दिसली, तर वॉरंट नसताना अटक, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. बाईचा दागिना अंगावर असणं हा गुन्हा! पोरांच्या तोंडची ‘बांगड्या भरल्यात का’ ही शिवी काही त्या कायद्यातून जन्मली नाही, ती आपलीच जुनी आहे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. पुरुष म्हणून जन्माला आलेल्यानं बाईसारखं दिसणं म्हणजे खाली घसरणं. अजूनही एखाद्या अधिकाऱ्याचा निषेध करायचा असला, की मोर्चे त्याला बांगड्यांचा आहेर करतात. आणि पुष्कळदा तो आहेर घेऊन पुढे बायकाच असतात.

आता आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत. संततिनियमन, स्त्रीपुरुषसंबंध असे ज्या विषयांवर घरात कुणी तोंड उघडत नसे, ते विषय त्यात असत. वाचक पत्रांतून आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. ह्या प्रश्नांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. ह्या उत्तरांवरून 1934 साली मुंबईत कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील झालं असं नाही, लोकांना प्रश्न पडतात तर त्यांना ज्ञान मिळायला हवं, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

मला ह्यात त्या पत्र लिहिणाऱ्यांचं फार वाटतं. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी धीर करून आपल्या मनातलं कागदावर उतरवलं. आजूबाजूला त्याच्यासाठी फक्त शिव्या होत्या. कर्व्यांनी त्याला उत्तर दिलं, तर उत्तर देणाराच आरोपी झाला.

त्यानंतर साधा, शिवी नसलेला शब्द मिळायला फार काळ गेला. 1990 साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांचं नियतकालिक निघालं. पुण्यात 2002 साली समपथिक ट्रस्टचं काम सुरू झालं आणि ह्या विषयावर मराठीत पुस्तकं आली. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांना कलम 377 मधून वगळलं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. 2014 साली तृतीयपंथी ही स्वतंत्र ओळख मान्य झाली. आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं केलेलं प्रेम हा गुन्हा नाही. त्या पीठावर एकच महिला होत्या, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा. त्यांनी लिहिलं, की ह्या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासानं माफी मागायला हवी.

कुटुंबीयांची, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. म्हणजे आयांची, बहिणींची. ज्या आयांनी ‘तुझा मुलगा असा कसा’ हे लग्नाकार्यात ऐकलं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडल्या, त्यांची.

कायदा बदलला. शिवी गल्लीत आहे तिथंच आहे. शिवी देणारी पोरं दुष्ट असतात असं नाही. ती झेल सुटल्याचं बोलत असतात. पण त्या दहा-बारा जणांत एखादा असा असू शकतो, ज्याला स्वतःबद्दल आतून काहीतरी कळायला लागलंय. ‘मी तसा आहे का?’ हा प्रश्न त्यानं अजून कुणाला विचारलेला नाही. त्याचं उत्तर त्याला रोज फुकट मिळतं. तू जे आहेस, ती शिवी आहे. मग तो आईजवळ येऊन बोलेल कसा?

आणि मुली? मुलगी धीट निघाली, की ‘अगदी मुलासारखी आहे’ हे आपण कौतुकानं म्हणतो. मुलाला ‘मुलीसारखा’ म्हटलं, की त्याचा पाणउतारा होतो. आपल्याच लेकीसमोर आपण हे दोन्ही बोलतो. तिनं त्यातून काय शिकायचं?

मी त्या संध्याकाळी पोरांना रागावले नाही. हाक मारून म्हटलं, "अरे, झेल सुटला तर झेल सुटला म्हणा. माझ्या बांगड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" पोरं खळखळून हसली. एक म्हणाला, "सॉरी काकू." उद्या परत म्हणतील, तर मी परत विचारीन. तुम्हीही विचारा. घरात कुणी मुलाला ‘बायकांसारखा रडू नको’ म्हणालं, तर तिथंही विचारा. आणि ज्या दिवशी आपलं लेकरू दाराशी घुटमळत म्हणेल, "आई, तुझ्याशी जरा बोलायचंय," त्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी ऐकून घ्या.